उतारावर गिअर आणि हँडब्रेक लावून ठेवलेली गाडी रात्रभर थांबते आणि सकाळी सुटते, हे कसे शक्य आहे?

सचिव_ठाणे

नमस्कार. पोखरण रस्ता क्रमांक २ च्या वरच्या अंगाला, येऊरच्या पायथ्याशी असलेल्या एका गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. आमची जमीन मुळातच चढणीची असल्यामुळे फाटकापासून मागच्या इमारतीपर्यंतचा अंतर्गत रस्ता सरळ वर चढत जातो आणि वास्तुविशारदाच्या नकाशात त्याचा उतार १:८ असा दाखवलेला आहे. पोडियमवर सगळ्यांना जागा पुरत नाही म्हणून या रस्त्याच्या कडेला, भिंतीलगत गाड्या लावण्याची मुभा संस्थेने पूर्वीपासून दिलेली आहे.

गेल्या आठवड्यात तेथे उभी असलेली एका ज्येष्ठ सभासदांची गाडी सकाळी पावणेसातच्या सुमारास आपोआप सुटली, साधारण वीस मीटर खाली आली, वाटेत दुसऱ्या एका सभासदाची उभी स्कूटर तिने चेपली आणि फाटकाच्या खांबावर आदळून ती थांबली. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही, परंतु शाळेच्या बससाठी मुले नेमकी त्याच खांबापाशी उभी राहतात आणि ती वेळ फार दूर नव्हती. गाडी लहान हॅचबॅक आहे, गिअर हाताचे आहेत, मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि ती तोंड उताराकडे करून लावलेली होती.

गाडीचे दार उघडले तेव्हा हँडब्रेकचा दांडा वर ओढलेला होता, गिअर मात्र न्यूट्रलमध्ये होता. मालकांचे ठाम म्हणणे आहे की आदल्या रात्री साडेनऊला त्यांनी गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकली होती आणि हँडब्रेकही लावला होता. कार्यकारिणीतील काही जण म्हणतात की गिअर न्यूट्रलमध्ये सापडला, त्याअर्थी काका खोटे बोलत आहेत. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो, कारण गाडी न्यूट्रलमध्ये असती आणि हँडब्रेक निकामी असता, तर ती रात्री साडेनऊलाच सुटायला हवी होती. नऊ तास स्थिर राहिलेली वस्तू कोणी हात न लावता अचानक का हलावी, हे जाणकारांनी समजावून सांगावे. त्याचबरोबर अशा नुकसानीची जबाबदारी कायद्याने कोणावर येते आणि संस्थेने यापुढे काय नियम करावा, यावरही मार्गदर्शन मिळाल्यास सभेपुढे मांडता येईल.

गणिती_डोंबिवली

सचिव महोदय, आधी आकडे पाहू, म्हणजे बाकीची चर्चा जमिनीवर राहील. गाडीचे वजन हजार किलो धरले, तर १:८ उतारावर तिला खाली ओढणारे बल सुमारे १२४ किलो वजनाइतके असते. टायर रस्त्यावर फिरताना होणारा विरोध वजनाच्या एक-दीड टक्क्याइतकाच असतो, म्हणून मोकळी सुटलेली गाडी या उतारावर वीस मीटर गेली की सहा सेकंदांत ताशी २४ किलोमीटरच्या आसपास वेग घेते. गाडी हलकी की जड याने या वेगात फरक पडत नाही, आदळण्याच्या तडाख्यात मात्र पडतो. आपल्या गाडीचा ब्रेक थोडा तरी घासत असणार, त्यामुळे तिचा वेग याहून कमी असेल.

दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रवासी गाड्यांच्या ब्रेकसाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या नियमानुसार पूर्ण भरलेली गाडी नुसत्या पार्किंग ब्रेकवर २० टक्के उतारावर थांबली पाहिजे. आपला उतार साडेबारा टक्के आहे आणि गाडी रिकामी होती. याचा अर्थ असा की सुस्थितीतील हँडब्रेकने ही गाडी एकट्याने, गिअरच्या मदतीशिवाय, सहज धरायला हवी होती. तेव्हा गिअर कोणत्या स्थितीत सापडला यावर वाद घालण्यापूर्वी हँडब्रेक तपासून घ्यावा, कारण त्यात दोष आहे हे गिअरचा प्रश्न सुटण्याआधीच सिद्ध झालेले आहे.

एक विनंती. आपल्या रखवालदारांना सांगून ठेवावे की सुटलेली गाडी हाताने अडवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. १२४ किलोचा रेटा थोपवून धरणे धडधाकट माणसालाही शक्य नाही, आणि गाडी व खांब यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाचे काय होते ते सांगायला नको.

घाटमाथा

यावर एक स्पष्टीकरण मी वाचलेले आहे. लांबचा प्रवास करून आलेल्या गाडीचे ब्रेक तापलेले असतात. त्या स्थितीत हँडब्रेक ओढला तर तो घट्ट वाटतो, पण थंड झाल्यावर धातू आकसतो, पकड सैल होते आणि गाडी काही वेळाने सुटते. काका त्या रात्री कसारा घाट उतरून नाशिकहून आलेले असतील तर हेच घडले असावे.

गॅरेज_नेरूळ

घाटमाथा यांनी सांगितलेला प्रकार खरा आहे, पण तो मागे डिस्क असलेल्या गाड्यांचा. डिस्क दोन्ही बाजूंनी पॅडमध्ये चिमटलेली असते, त्यामुळे ती थंड होऊन पातळ झाली की चिमटा सैल पडतो. ड्रमचे उलटे आहे. त्यात लायनर, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून बाहेर दाबतात आणि ड्रम थंड होऊन आकसला तर तो लायनरवर अधिकच घट्ट बसतो. शिवाय हा प्रकार गाडी उभी केल्यापासून थोड्या वेळात घडतो, नऊ तासांनी नाही. घाट उतरून आल्याचा मुद्दा येथे बाजूला ठेवावा.

आता माझे मत. सचिव साहेबांनी जे लिहिले आहे त्यात काका खोटे बोलत आहेत असे मानण्याची मुळीच गरज नाही. गाडी गिअरमध्ये ठेवतो तेव्हा चाके इंजिनाशी जोडलेली राहतात. पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये चाक एकदा फिरायला इंजिन साधारण बारा-चौदा वेळा फिरावे लागते, आणि बंद इंजिन सिलिंडरमध्ये कोंडलेल्या हवेच्या दाबामुळे सहजासहजी फिरत नाही. त्यामुळे रात्रभर गाडी गिअरवर थांबली असणार आणि हँडब्रेकच्या वाट्याला वजन आलेच नसणार. दांडा वर होता, डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला होता, पण ते फक्त दांडा ओढल्याचे लक्षण आहे. लायनरने ड्रम किती धरला आहे हे दांडाही सांगत नाही आणि दिवाही सांगत नाही. हँडब्रेक कमजोर झालेला असूनही मालकाला वर्ष-वर्ष कळत नाही ते याच कारणाने, आणि गिअरमध्ये गाडी लावण्याची चांगली सवय असलेल्यांना तर सगळ्यात उशिरा कळते.

सकाळी कोणीतरी गिअर काढला असावा असा माझा अंदाज आहे. सीसीटीव्हीचे चित्रण असेल तर दोन गोष्टी नीट पाहाव्यात. गाडी थांबत थांबत, दर वेळी सहा-सात सेंटीमीटर अशी सरकत गेली का, की एकदा हलली ती गुळगुळीत खाली आली? गिअरमध्ये असलेली गाडी सुटते तेव्हा ती झटक्याझटक्याने सरकते. सिलिंडरमधली हवा रिंगांच्या फटीतून हळूहळू निसटली की इंजिन अर्धा फेरा फिरते, पुढच्या सिलिंडरचा दाब त्याला अडवतो आणि गाडी पुन्हा थांबते. जुन्या, दाब कमी झालेल्या इंजिनांच्या गाड्या अशा मिनिटामिनिटाला पाऊल टाकल्यासारख्या पुढे जातात. न्यूट्रलमधली गाडी तसे करत नाही. दुसरे म्हणजे, त्या अर्ध्या-पाऊण तासात गाडीजवळ कोण कोण आले ते पाहावे.

हँडब्रेकबद्दलही एक अंदाज सांगून ठेवतो. काकांनी अलीकडे कोठेतरी "हँडब्रेक घट्ट करून द्या" असे सांगितले असेल आणि कारागिराने दांड्याच्या मुळाशी असलेला केबलचा नट पिळून दिला असेल. हे काम पाच मिनिटांत होते आणि दांडा लगेच कडक लागतो, म्हणून गिऱ्हाईकही खूश होते. खरे काम ड्रम उघडून करायचे असते. लायनर किती उरले आहे ते पाहायचे, धूळ झाडायची, आतला अ‍ॅडजस्टर मोकळा आहे की गंजून बसला आहे ते तपासायचे, लायनर ड्रमच्या जवळ आणायचे आणि मग शेवटी केबलला हात लावायचा. नट आधीच आवळला की आतला लिव्हर पूर्ण मागे येत नाही, त्यामुळे आपोआप जुळवून घेणारा अ‍ॅडजस्टर काम करेनासा होतो आणि लायनर झिजत जाते तशी पकड कमी होत जाते. दांडा मात्र कडकच लागतो.

सचिव_ठाणे

गॅरेज_नेरूळ, आपले मनापासून आभार. आपल्या सांगण्यावरून काल रात्री चित्रण पुन्हा पाहिले आणि आपला अंदाज जवळजवळ शब्दशः खरा ठरला.

सहा वाजून दहा मिनिटांनी गाड्या धुणारा मुलगा गाडीजवळ येतो, बाहेरून गाडी पुसतो, दार उघडून आत बसतो, दोन-तीन मिनिटे इंजिन चालू ठेवतो, बंद करतो, दार लावून पुढच्या गाडीकडे जातो. त्यानंतर सुमारे पंचवीस मिनिटे गाडी जागेवर दिसते. मात्र चित्रण वेगाने पुढे नेले असता पुढचे चाक या अवधीत साधारण वीतभर सरकल्याचे लक्षात येते, आणि नंतर दुधाचा टेम्पो शेजारून वर गेला त्याच वेळी ती हलते व कोठेही न अडखळता सलग खाली येते.

मुलाला कोणी दरडावू नये म्हणून मी स्वतःच त्याच्याशी बोललो. त्याने काहीही लपवले नाही. बॅटरी उतरू नये म्हणून रोज सकाळी इंजिन थोडा वेळ चालू करावे, असे काकांनीच त्याला सांगून चावी दिलेली आहे. पूर्वी दुसऱ्या एका गाडीला गिअरमध्ये असताना चावी फिरवल्यावर ती उडी मारून भिंतीला लागली होती, तेव्हापासून तो चावी फिरवण्याआधी गिअर न चुकता न्यूट्रलमध्ये आणतो. नंतर गिअर परत टाकावा, हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते. त्याला गाडी चालवता येत नाही आणि हँडब्रेक ओढलेला असताना गिअरचा काय संबंध, असे त्याला वाटले.

काकांनाही हे सांगितले. त्यांचे म्हणणे खरे होते, हे कार्यकारिणीने मान्य केले आहे. आता एवढेच विचारतो की ती पंचवीस मिनिटे गाडी कशामुळे थांबली आणि टेम्पो गेल्यावरच का सुटली?

गणिती_डोंबिवली

आपण दिलेल्या वर्णनात याचे उत्तर आहे. गाडी थांबलेली नव्हती, ती अतिशय मंद गतीने सरकत होती. गिअर काढल्यावर सगळे वजन एकदम केबलवर आले. केबलची दोरी आपल्या नळीत कोठे गंजलेली, कोठे अडकलेली असते, ती ताण आल्यावर सावकाश जागा घेते आणि पकड आणखी थोडी ढिली होते. लायनर आणि ड्रम एकमेकांवर स्थिर असतात तोवर त्यांच्यातील घर्षण जास्त असते, ते एकमेकांवर घसरू लागले की कमी होते. गाडी या मर्यादेच्या अगदी काठावर उभी होती. टेम्पोच्या कंपनाने ती मर्यादा ओलांडली गेली आणि एकदा घसरण सुरू झाल्यावर उरलेले कमी घर्षण तिला पुन्हा थांबवू शकले नाही. टेम्पो गेला नसता तर कोणीतरी शेजारच्या गाडीचे दार जोरात लावले असते, तेही पुरले असते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. उताराकडे तोंड करून लावलेल्या गाडीचे वजन पुढच्या चाकांवर अधिक जाते आणि मागची चाके हलकी होतात. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना धरतो. पावसाळ्यात आपल्याकडे काँक्रीटवर शेवाळ धरते, तेव्हा ब्रेक उत्तम असूनही मागचे टायर जागच्या जागी न फिरता घसरू शकतात. गाडीचे इंजिन पुढची चाके फिरवणारे असेल, आणि आजच्या बहुतेक लहान गाड्या तशाच आहेत, तर गिअर पुढची दोन चाके धरतो व हँडब्रेक मागची दोन. दोन्ही लावले तरच चारही चाके धरली जातात.

बेलापूरकर

आम्ही सीबीडी बेलापूरला पारसिक टेकडीवर राहतो, त्यामुळे उतारावर गाडी लावणे हा आमचा रोजचा व्यवहार आहे. वरच्या सगळ्या चर्चेत एक सर्वांत स्वस्त उपाय राहून गेला आहे आणि तो म्हणजे स्टिअरिंग वळवून ठेवणे. आपली गाडी भिंतीलगत, भिंत डाव्या हाताला आणि तोंड उताराकडे अशी उभी होती असे मी समजतो. पुढची चाके भिंतीकडे वळवून ठेवली असती, तर गाडी सुटल्यावर हातभर जाऊन भिंतीला टेकली असती आणि बंपरला ओरखडा पडण्यापलीकडे काहीही झाले नसते. तोंड चढाकडे असेल आणि डावीकडे फुटपाथची कड असेल, तर चाके उजवीकडे वळवायची, म्हणजे गाडी मागे आली की पुढच्या टायरची मागची बाजू कडेला अडते. कड नसेल तर तोंड कोणत्याही दिशेला असले तरी चाके रस्त्याच्या बाहेरच्या बाजूलाच वळवावीत. याला ना कारागीर लागतो, ना पैसा, आणि गाड्या धुणाऱ्या मुलाने गिअर काढला तरी हा बंदोबस्त कायम राहतो.

गिअरबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. उतारावर गिअर हवाच, हे मान्य. परंतु ठाणे-नवी मुंबईतील जुन्या सोसायट्यांमध्ये एका मागे एक गाड्या लावाव्या लागतात आणि तेथे "न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक लावू नका" अशी पाटीच असते, कारण सकाळी रखवालदाराला मागची गाडी ढकलून पुढची काढून द्यायची असते. लोकांना ही सवय लागते आणि सपाटीवरची सवय ते उतारावरही घेऊन जातात. सचिव साहेबांनी नियम करताना याचा विचार करावा.

गॅरेज_नेरूळ

बेलापूरकरांशी पूर्ण सहमत. ढकलण्याची पद्धत सपाटीवरही वाटते तितकी निर्धोक नाही. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतोच, आणि ७०-८० फुटाला एक फूट एवढा उतारही टायरमध्ये हवा नीट असलेल्या मोकळ्या गाडीला हलवायला पुरतो.

गाडी लावण्याचा क्रम सांगतो, कारण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तो क्वचितच शिकवतात. पायाचा ब्रेक दाबून गाडी थांबवायची, गिअर न्यूट्रल करायचा, हँडब्रेक ओढायचा आणि मग पायाचा ब्रेक सावकाश सोडायचा, म्हणजे गाडी हँडब्रेकवर बसते. ती बसली नाही, हलली, तर हँडब्रेक खराब आहे हे तिथल्या तिथे कळते आणि पाय अजून पेडलजवळच असतो. ती थांबली तर पुन्हा पायाचा ब्रेक दाबून इंजिन बंद करायचे आणि क्लच दाबून गिअर टाकायचा. काही जण गिअर टाकून, क्लच सोडून, गाडी गिअरवर लटकवतात आणि नंतर हँडब्रेक ओढतात. त्यात हँडब्रेकची परीक्षा कधीच होत नाही आणि सकाळी गिअर काढताना दांडा अडकतो तो वेगळाच. काकांच्या बाबतीत हेच होत असावे, असे मला वाटते.

तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स, चढाकडे असेल तर पहिला, असा प्रघात आहे आणि तो पाळावा. पण पकडीच्या दृष्टीने दोन्ही गिअर जवळपास सारखेच, म्हणून यावर भांडत बसू नये. तिसरा-चौथा गिअर मात्र टाकून ठेवू नये, त्यात इंजिन फार लवकर फिरते. गिअर टाकताना तो पूर्ण बसला पाहिजे. दांडा अर्धवट गेला असेल तर दातांची पकड वरवरची राहते आणि झिजलेल्या गिअरबॉक्समध्ये तो उसळून बाहेर येतो.

हँडब्रेक ओढताना अंगठ्याने बटण दाबून ठेवण्याची अनेकांना सवय असते, कट्-कट् आवाज नको म्हणून. ओढताना बटण दाबले तरी हरकत नाही, पण बटण सोडल्यावर दांडा किंचित वर ओढून तो दातात बसल्याची खात्री करावी. खुंटी दाताच्या टोकावर राहिली तर दांडा नंतर एखादा दात खाली येऊ शकतो.

ऐरोली_संध्या

दादा, एक शंका आहे. माझ्याकडे एएमटी गाडी आहे. तिला क्लच नाही, पण ऑटोमॅटिकसारखे "पी" हे स्थानही नाही. मी न्यूट्रलमध्ये आणून हँडब्रेक लावते. हे चालेल का?

गॅरेज_नेरूळ

ताई, उतारावर तसे करू नका. एएमटी म्हणजे आतून हाताच्या गिअरचीच गाडी आहे, क्लच आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्र करते. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद केले तर ती न्यूट्रलमध्येच राहते आणि सगळा भार हँडब्रेकवर येतो. ब्रेक दाबून ठेवून "ए", "डी" किंवा "आर" मध्ये असताना इंजिन बंद करावे; बंद झाल्यावर क्लच जोडलेला राहतो आणि गाडी गिअरमध्ये राहते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पार्किंगच्या प्रकरणात हे दिलेले असते, ते एकदा वाचून घ्यावे.

वकील_कोलशेत

जबाबदारीचा प्रश्न कोणी हाताळलेला नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १२६ नेमके याच परिस्थितीसाठी आहे. सार्वजनिक ठिकाणी वाहन उभे करून ठेवायचे असेल, तर एक तर चालकाच्या जागेवर परवानाधारक व्यक्ती असली पाहिजे, नाही तर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला किंवा चालकाच्या गैरहजेरीत वाहन अपघाताने गतिमान होणार नाही अशी अन्य तजवीज केलेली असली पाहिजे, असे ते सांगते. "ब्रेक लावला होता" एवढे म्हणून भागेल का, यावर वाद होऊ शकतो, पण कलमाचा रोख वाहन हलणार नाही याची निश्चिती करण्यावर आहे. सोसायटीचे आवार "सार्वजनिक ठिकाण" आहे की नाही, हा वेगळा आणि गुंतागुंतीचा मुद्दा आहे; तेथे बाहेरच्यांना कितपत मुक्त प्रवेश आहे, यावर तो बराचसा अवलंबून राहतो.

उभी गाडी "वापरात" नव्हती म्हणून विमा लागू नाही, असे कोणी सांगितल्यास मात्र घाबरू नये. पुणे-बंगळूर महामार्गावर उलटून पडलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला होता, त्या प्रकरणात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने वाहन हलत नसतानाही ते "वापरात" असू शकते, असा व्यापक अर्थ स्वीकारलेला आहे. स्कूटर आणि खांब यांचे नुकसान ही त्रयस्थ मालमत्तेची हानी असून खासगी मोटारीच्या प्रचलित पॉलिसीत तिची मर्यादा साडेसात लाख रुपये असते. काकांच्या स्वतःच्या गाडीचे नुकसान सर्वसमावेशक पॉलिसी असेल तरच मिळेल आणि तो दावा केला की नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल, तेव्हा दुरुस्तीचा खर्च आणि बोनस यांचा हिशेब आधी करावा. पॉलिसीच्या अटींत वाहन सुस्थितीत ठेवण्याची आणि त्याच्या सुरक्षिततेसाठी वाजवी काळजी घेण्याची अटही असते. विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत ड्रम उघडू नये आणि चित्रणाची प्रत जपून ठेवावी, कारण बरीच यंत्रे जुने चित्रण आपोआप पुसतात.

गाड्या धुणाऱ्या मुलावर जबाबदारी ढकलण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडून द्यावा. ज्याला गाडी चालवता येत नाही, त्याच्या हाती चावी देऊन इंजिन सुरू करायला सांगितल्यावर पुढच्या परिणामांपासून मालकाला हात झटकता येणार नाहीत.

सचिव_ठाणे

सर्वांचा ऋणी आहे. सर्व्हेअर येऊन गेले, त्यानंतर काकांच्या परवानगीने गाडी उघडली. केबलचा नट आट्यांच्या शेवटापर्यंत पिळलेला होता, डाव्या चाकाचा अ‍ॅडजस्टर गंजून बसलेला होता आणि दोन्ही बाजूंची लायनर बरीच झिजलेली होती. काकांनी कोठे हँडब्रेक घट्ट करून घेतला होता, ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

सभेपुढे ठेवण्यासाठी मसुदा असा केला आहे. उताराच्या कडेला गाडी लावणाऱ्याने हँडब्रेक आणि गिअर दोन्ही लावावेत, चाके भिंतीकडे वळवावीत, आणि चावी कोणाकडेही दिलेली असली तरी उतारावरच्या गाडीचे इंजिन मालकाखेरीज अन्य कोणी सुरू करू नये. प्रत्येक जागेपाशी रबरी व्हील स्टॉपर बोल्टने बसवण्याचा प्रस्ताव आहे. बसथांबा फाटकाच्या दुसऱ्या बाजूला हलवला असून त्यासाठी सभेची वाट पाहिलेली नाही. दंडाची तरतूद ठेवावी की नाही, यावर मतभेद आहेत.

गणपतीत महिना-पंधरा दिवस गावी जाणारे सभासद विचारतात की तेवढे दिवस हँडब्रेक ओढून ठेवला तर पावसाळ्यात लायनर ड्रमला चिकटतात, त्याचे काय करावे?

गॅरेज_नेरूळ

चिकटतात, हे खरे आहे, विशेषतः गाडी पावसातून आणून तशीच लावली तर. म्हणून त्या दिवसांत गाडी उतारावर ठेवूच नये. पोडियमवर सपाटीला एखाद्याची जागा मागून घ्यावी, तेथे गिअर टाकून दोन चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक सोडून ठेवावा. उतारावरच ठेवावी लागली, तर हँडब्रेक लावलाच पाहिजे. परत आल्यावर लायनर चिकटलेली आढळली, तर इंजिनाचा जोर लावून गाडी ओढू नये. चाक काढून ड्रमवर लाकडी हातोडीने हलके ठोकले की बहुधा ती सुटतात.

व्हील स्टॉपर बसवताना ते चाकापासून फार दूर ठेवू नका. गाडी उभी असतानाच टायर स्टॉपरला टेकला पाहिजे. मध्ये दोन-तीन फुटांची मोकळी जागा राहिली, तर सुटलेली गाडी तेवढ्यात वेग घेऊन स्टॉपरवर चढून पुढे जाऊ शकते. आणि बोल्ट काँक्रीटमध्ये खोल जाणारे घ्या, नुसत्या डांबराच्या थरात ते धरत नाहीत.